दाढ काढलीय, मेट्रोनिडाझोल चालू आहे आणि शनिवारी गटारी. एक दिवस गोळ्या सोडल्या तर चालेल का?

ठाणेकर_३१

मंडळी जरा अर्जंट आहे. बुधवारी संध्याकाळी खालची अक्कलदाढ काढली, आडवी आली होती त्यामुळे हाड थोडं घासावं लागलं, गाल अजून लिंबाएवढा सुजलाय. डॉक्टरांनी अमॉक्सिसिलीन-क्लॅव्ह ६२५ आणि मेट्रोनिडाझोल ४०० अशा दोन अँटिबायोटिक दिल्यात, दिवसातून तीनदा, ५ दिवस, म्हणजे शेवटची गोळी सोमवारी दुपारी. शिवाय दुखण्यासाठी अ‍ॅसिक्लोफेनॅक-पॅरासिटामॉल आहे.

आता प्रॉब्लेम असा की शनिवारी आमची गटारी आहे, कर्जतला, शाळेपासूनचा ग्रुप, १२ वर्षांत एकदाही चुकवलेली नाही, आणि घरी श्रावण कडक असतो त्यामुळे नंतर महिनाभर विषयच नाही. डॉक्टरांना विचारायची लाज वाटली, बायको शेजारीच बसली होती. ग्रुपवर एकजण म्हणतो शनिवारी दुपारची आणि रात्रीची गोळी सोड, रविवारी सकाळपासून परत चालू कर. दुसरा म्हणतो बिअर चालते, हार्ड नको. कुणाला नीट माहीत असेल तर सांगा प्लीज, दोन बिअरच्या वर जाणार नाही.

रस्सा_पांढरा

मागच्या वर्षी घसा धरला होता तेव्हा माझं अझिथ्रोमायसीन ५०० चालू होतं, मित्राच्या हळदीला तीन पेग घेतले, काहीसुद्धा झालं नाही. अँटिबायोटिकवर दारू म्हटलं की लोक उगाच घाबरवतात. पाणी भरपूर पी आणि जा बिनधास्त.

मेडिकलवाला_इस्लामपूर

भाऊ, २० वर्षं काउंटरवर उभा आहे, हा प्रश्न आषाढ संपत आला की रोज येतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

वरच्या मित्राला काही झालं नाही ते बरोबरच आहे, अझिथ्रोमायसीनचं दारूशी थेट वाकडं नाही. तुमच्या अमॉक्सिसिलीनचंही नाही. पण तुमच्या पिशवीत मेट्रोनिडाझोल आहे, तिथं विषय बदलतो. दारू पोटात गेली की लिव्हर तिचं आधी अ‍ॅसिटाल्डिहाइड करतं, ते विषारी असतं, मग दुसरं एक एन्झाइम लगेच त्याचं निरुपद्रवी अ‍ॅसिटेट करून टाकतं. दारू सोडवायला डायसल्फिराम नावाची गोळी देतात ती नेमकं हे दुसरं एन्झाइम बंद पाडते, मग माणूस थोडी जरी प्यायला तरी तोंड लालबुंद, डोकं ठणकतं, छाती धडधडते, उलट्या सुरू होतात, बीपी खाली जातं. मेट्रोनिडाझोल आणि टिनिडाझोल चालू असताना प्यायलेल्या लोकांत असाच प्रकार झाल्याच्या नोंदी आहेत, म्हणून गोळी चालू असताना आणि नंतर २ ते ३ दिवस दारू नको असं सांगतात.

दुसरी बाजूपण सांगतो, लपवून उपयोग नाही. २००२ साली फिनलंडमध्ये १२ निरोगी पुरुष घेऊन निम्म्यांना ५ दिवस मेट्रोनिडाझोल आणि निम्म्यांना बिनऔषधाची गोळी दिली, मग दारू दिली, तर त्यांना असला काही त्रास झाला नाही आणि रक्तातलं अ‍ॅसिटाल्डिहाइडही वाढलं नाही. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेनेसुद्धा २०२१ च्या गाइडलाइनमध्ये मेट्रोनिडाझोलवर दारू टाळायची गरज नाही असं लिहिलंय. म्हणजे प्रत्येकाला होतंच असं नाही. पण औषधाच्या माहितीपत्रकातली सूचना अजून तशीच आहे, आणि कुणाला होईल हे आधी ओळखता येत नाही. मी स्वतः एक बघितलाय, जुलाबासाठी टिनिडाझोल घेतलेला तरणाताठा पोरगा, रात्री क्वार्टर मारली, तासाभरात त्याच्या भावानं मोटरसायकलवर मध्ये धरून दुकानापाशी आणला. मान आणि कान भाजल्यासारखे लाल, हात गार, पायरीवरच ओकला. तसाच दवाखान्यात पाठवला. कर्जतच्या फार्महाऊसवर रात्री १ वाजता असं झालं तर कुठं जाणार?

बिअर चालते हा निव्वळ गैरसमज. दोन स्ट्राँग बिअरमध्ये तीन-चार पेगांएवढी दारू सहज जाते.

आणि गोळी सोडायचं तर डोक्यातून काढूनच टाका. मेट्रोनिडाझोल ८ तासांत फक्त निम्मं उतरतं, दुपारची सोडली तरी सकाळची अंगात आहेच, म्हणजे त्रासाची शक्यता राहिली ती राहिली, वर जबड्यातल्या जंतूंना दिवसभराची मोकळीक. सूज उतरायच्या ऐवजी पू झाला तर परत खुर्चीत बसायचं. दुखण्याच्या गोळीचंही बघा, अ‍ॅसिक्लोफेनॅक आणि दारू मिळून पोटाचं अस्तर सोलतात, पॅरासिटामॉलचा भार लिव्हरवर.

बाकीच्यांसाठी पण लिहून ठेवतो. स्ट्रिपवरच्या मोठ्या नावावर जाऊ नका, मागे बारीक अक्षरात औषधाचं खरं नाव असतं ते वाचा. लिनेझोलिड असेल तर ड्राफ्ट बिअर आणि वाइन अजिबात नको, त्यातल्या टायरामिनमुळे बीपी एकदम चढू शकतं. हॉस्पिटलमध्ये सेफोपेराझोनची इंजेक्शनं झाली असतील तर घरी आल्यावरही ३ दिवस थांबा. पावसाळ्यात लेप्टोसाठी, म्हणजे लेप्टोस्पायरोसिसच्या तापासाठी, डॉक्सीसायक्लिन देतात, रोज पिणाऱ्यांच्या अंगातून ते लवकर निघून जातं आणि कमी पडतं, म्हणून रोजची सवय असेल तर डॉक्टरांना तोंड उघडून सांगा.

सोनचाफा

शेवटच्या वाक्यासाठी लिहितेय. माझ्या दादाला ४ वर्षांपूर्वी टीबी झाला. पहिले २ महिने चार औषधं एकत्र असलेल्या गोळ्या होत्या, त्यातली आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन आणि पायराझिनामाइड ही तिन्ही लिव्हरवर ताण टाकणारी. गोळ्या द्यायला यायच्या त्या ताईंनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं, दारू घेता का. दादा नाही म्हणाला. वहिनी गप्प बसली आणि मीपण गप्प बसले. कामावरून येताना रोज एक क्वार्टर होती त्याची, आम्हाला दोघींना माहीत होतं.

रिफाम्पिसिनने लघवी केशरी होते, घाबरू नका, हे आधीच सांगितलेलं. त्यामुळे ती गडद व्हायला लागली तेव्हा आम्ही गोळीचाच रंग समजलो आणि ८-१० दिवस त्यातच गेले. जेवण जाईना, भात शिजायचा वास आला तरी उठून बाहेर जायचा. एका दुपारी अंगणात नळावर तोंड धूत होता, टॉवेल द्यायला गेले, त्यानं वर बघितलं तर डोळ्यांतलं पांढरं पार हळदीसारखं. त्याच दिवशी ॲडमिट केला. टीबीच्या गोळ्या बंद कराव्या लागल्या, लिव्हर जागेवर आल्यावर रक्त तपासत तपासत एकेक औषध परत चालू केलं, ६ महिन्यांचा कोर्स ९ महिन्यांवर गेला. आता बरा आहे, दारूही सुटली. पण त्या दिवशी मी ताईंना खरं सांगितलं असतं तर, हे अजून मनातून जात नाही.

ठाणेकर दादा, तुमची एक दाढ आहे, तुलना नाही करत. पण लाज वाटली म्हणून विचारलं नाही असं लिहिलंत ना, ते वाचून राहवलं नाही. फोन करून विचारा.

रस्सा_पांढरा

सॉरी, मला औषधाऔषधात एवढा फरक असतो हे माहीत नव्हतं. माझं वरचं 'जा बिनधास्त' मागे घेतो.

ठाणेकर_३१

सगळ्यांचे आभार, सोनचाफा ताई तुमची पोस्ट दोनदा वाचली. आत्ता ऑफिसच्या जिन्यात जाऊन डॉक्टरांना फोन केला. रागावले वगैरे अजिबात नाहीत, म्हणाले बरं झालं विचारलंत, बरेचजण पिऊन झाल्यावर फोन करतात. गोळ्या एकही चुकवायची नाही, शेवटच्या गोळीनंतर ३ दिवस दारू नाही. शिवाय एक गोष्ट मला माहीतच नव्हती, दाढेच्या खड्ड्यात रक्ताची गुठळी बसलेली असते, तीच जखमेचं झाकण, ती निसटली की हाड उघडं पडतं आणि कळ पार कानापर्यंत जाते. त्यासाठी सिगरेट, स्ट्रॉने पिणं आणि जोरात चूळ भरणं पण बंद. अल्कोहोलवालं माउथवॉश नको, नुसतं कोमट मिठाचं पाणी हळू फिरवायचं.

कर्जतला जातोय, येताना-जाताना गाडी मी चालवणार. दुपारी २ आणि रात्री १० चा अलार्म लावलाय. मटण जमणार नाही, मऊ भात आणि कमी तिखट रस्सा डाव्या बाजूने.

वाडीतली_सून

मेडिकलवाले दादा, एक विचारू का, सासूबाई भुकेसाठी रोज रात्री जेवणानंतर द्राक्षासव घेतात आणि कालपासून त्यांना जुलाबासाठी मेट्रोनिडाझोल चालू झालंय. आयुर्वेदिक आहे म्हणून डॉक्टरांना सांगितलंच नाही. चालेल का?

मेडिकलवाला_इस्लामपूर

ताई बरं केलं विचारलंत. आसव आणि अरिष्ट आंबवूनच करतात, त्यात अल्कोहोल आपोआप तयार झालेलं असतं, बाटलीच्या लेबलवरही तसं लिहिलेलं सापडेल. द्राक्षासव, अशोकारिष्ट, दशमूलारिष्ट सगळी त्यातलीच. गोळ्या संपून ३ दिवस होईपर्यंत बाटली कपाटात ठेवा. खोकल्याचं औषध चालू असेल तर त्याचंही लेबल एकदा वाचा, काहींत अल्कोहोल असतं. आणि सासूबाईंच्या डॉक्टरांना फोन करून द्राक्षासवाचं सांगून ठेवा.