९५ डिग्री बघून लगेच लिक्विड कूलर घेऊ नका
कॉम्प्युटरमध्ये एएमडीचा रायझन ७ ७७००एक्स प्रोसेसर टाकल्यापासून रेंडरिंगला (व्हिडिओ किंवा थ्रीडी चित्र तयार करताना) तापमान ९५ डिग्रीला टेकतंय, लिक्विड कूलर (द्रव फिरवून थंड करणारा) घेऊ का असं विचारलंयत, तर आधी घाबरू नका, रायझनची ७००० सिरीज बनवलीच तशी आहे, ९५ पर्यंत जायचं आणि मग क्लॉक (प्रोसेसरचा वेग) जरा उतरवून तिथंच राहायचं. बायोसमध्ये (कॉम्प्युटर चालू होतानाच उघडायच्या सेटिंगमध्ये) ६५ वॅटचा इको मोड लावून बघा, नाव ६५ चं असलं तरी पॉवरची मर्यादा १४२ वरून ८८ वॅटवर येते, गेममध्ये फारसा फरक कळत नाही, रेंडरला थोडा वेळ जास्त लागेल एवढंच.

बाकी कूलर काढून एकदा प्रोसेसर आणि कूलरच्या मधली थर्मल पेस्ट (उष्णता कूलरकडे नेणारा लेप) बघाच. एका बाजूला पातळ पसरलीय आणि दुसरीकडे जाड लोंदा तसाच असेल तर कूलर वाकडा बसलाय, जुनी पेस्ट पुसून नवीन लावा आणि स्क्रू समोरासमोरचे, थोडे थोडे करत आवळा, एकच कोपरा गच्च करून मग दुसरा असं नको. आणि कूलरच्या तळाची प्लास्टिकची फिल्म काढलीय ना? हसू नका, भल्याभल्यांची राहते :)

कॅबिनेटचे सगळे फॅन हवा आत घेणारे लावा असा सल्ला तुम्हाला एकाने दिलाय, तो मला काही पटला नाही, पुढून आत आणि मागून-वरून बाहेर, झालं.