‘गोंधळ झाला’ ही थ्रिलरसाठी शाबासकी समजायची का?

पहिला कट

अभ्यासक्रमाचा भाग म्हणून आमच्या गटाने एका थ्रिलरचं फक्त ओपनिंग केलंय. टायटल्स धरून दोन मिनिटं. रात्रीची वेळ. एक बाई बाहेरून दाराला कुलूप लावते, किल्ली पर्समध्ये टाकते आणि जिना उतरून जाते. कॅमेरा दारासमोरून हलत नाही. बराच वेळ काहीच घडत नाही. मग दाराखालच्या फटीतून येणारा उजेड बंद होतो. टायटल.

२४ जणांना दाखवून फॉर्म भरून घेतले. ‘हे थ्रिलर वाटतं का?’ याला २१ जणांचं उत्तर ‘हो’. मोकळ्या रकान्यात मात्र ‘काही कळलं नाही’, ‘दाराचा शॉट फार लांबलाय’, ‘आवाज नीट येत नाही’ आणि ‘सुरुवातीलाच एखादा खून दाखवा की’. एकूण ९ जणांनी गोंधळ झाल्याचं लिहिलंय. आता या प्रतिक्रियांचं मूल्यमापन लिहायचंय. माझं म्हणणं, थ्रिलर बघताना गोंधळ व्हायलाच हवा, त्यामुळे हे ९ जण आमच्या बाजूचे. गटात यावरून दोन तट पडलेत. तुम्हाला काय वाटतं?

कात्रीवाला

असहमत. आधी ते २१ बाजूला ठेवा. थ्रिलर दाखवतोय असं सांगून बसवायचं आणि मग थ्रिलर वाटतं का म्हणून विचारायचं! ‘नाही’ म्हणायला समोरचा भांडखोरच हवा. त्यातून वर्गमित्र असतील तर बघायलाच नको.

आता ९ जणांबद्दल. ‘आत कोण आहे?’ हा प्रश्न पडला तर ती उत्सुकता. ‘हे घर कोणाचं, ती बाहेर का चाललीय, आत्ता नक्की काय झालं?’ असे प्रश्न पडले तर तो गोंधळ. दोन्ही एकाच पोत्यात भरू नका. फॉर्ममध्ये ‘तुम्ही काय पाहिलं ते दोन ओळींत सांगा’ आणि ‘पुढे काय होईल?’ एवढे दोनच प्रश्न असते तरी तुम्हाला जास्त कळलं असतं.

तिसरी घंटा

मी धागालेखकाच्या बाजूने. प्रेक्षकांच्या मतांवर सिनेमा कापायला लागलं की काय होतं त्याचं उदाहरण १९४२चं आहे. दिग्दर्शक ऑर्सन वेल्सच्या ‘द मॅग्निफिसंट अँबरसन्स’चं प्रीव्ह्यू, म्हणजे प्रदर्शनाआधी प्रेक्षकांना दाखवून बघणं, वाईट गेलं म्हणून स्टुडिओने ४० मिनिटांहून जास्त भाग उडवला आणि शेवट बदलून गोड केला. कापलेली फिल्म पुढे नष्टही केली. प्रीव्ह्यूला बसलेले लोक दुसऱ्या दिवशी सगळं विसरले असतील, नुकसान कायमचं झालं.

‘सुरुवातीलाच खून दाखवा’ हा सल्ला त्याच जातीचा. तो लिहिणाऱ्याला तुमचा सिनेमा बघायचाच नाहीये, त्याच्या डोक्यातला बघायचाय.

कात्रीवाला

@तिसरी घंटा, वेल्सच्या बाबतीत कात्री स्टुडिओच्या हातात होती. इथे ती यांच्याच हातात आहे, मग भीती कसली?

आणि उदाहरणंच द्यायची तर ओपनिंगचंच घ्या. ‘सनसेट बुलेव्हार्ड’ (१९५०) मुळात शवागारात सुरू होत होता. तिथली प्रेतं एकमेकांशी बोलतात, आपण कसे मेलो ते सांगतात. प्रीव्ह्यूला नायकाच्या प्रेताच्या पायाच्या अंगठ्याला चिठ्ठी बांधताना लोक हसायला लागले. दिग्दर्शक बिली वाइल्डरने ती सुरुवातच काढून टाकली, आणि आज आपल्याला माहीत आहे ती स्विमिंग पूलमधल्या प्रेताची सुरुवात आली. पूल दाखवा असं प्रेक्षकांनी सांगितलं नव्हतं. ते नको तिथे हसले, एवढंच. प्रेक्षक जागा बरोबर दाखवतो, उपाय बहुतेक वेळा चुकीचा सांगतो. खुनाचा सल्ला सोडून द्या, पण तो का द्यावासा वाटला हे सोडू नका. मधल्या वेळात त्याला कंटाळा आला असणार.

कानसेन

आवाजाकडे कोणीच बघत नाहीये. तो बिचारा नेहमी शेवटच्या ओळीत. लोकांनी हे कशावर पाहिलं? शांत शॉटखाली खर्जातली घरघर लावली असेल तर मोबाइलच्या स्पीकरवर ती जवळजवळ ऐकूच येत नाही. म्हणजे तुम्ही तणाव ऐकत होतात आणि ते नुसतं दार बघत होते.

पहिला कट

@कानसेन, घरघर आहे, आणि बहुतेकांनी लिंकवरून मोबाइलवरच पाहिलं.

@कात्रीवाला, ते ९ फॉर्म पुन्हा काढून वाचले. दोघांनी ‘आत कोण होतं?’ असं विचारलंय. तिघांना बाई कोण, कुठे चाललीय ते कळलं नाही. आणि चौघांनी चक्क ‘लाइट गेली का?’ असं लिहिलंय.

कात्रीवाला

हे चौघे बाकीच्या सगळ्या फॉर्मपेक्षा मोलाचे! तुमचं अख्खं ओपनिंग ज्या एका क्षणावर उभं आहे तो त्यांनी नीट पाहिला आणि त्याचा अर्थ वीज गेली असा लावला. त्यात त्यांची काय चूक? चौकटीत दुसरा दिवाच नसेल तर हाच अर्थ निघणार. जिन्यातला बल्ब शॉटमध्ये घ्या आणि शेवटपर्यंत जळत ठेवा.

कानसेन

किंवा आतून बटणाचा ‘टक्’ असा आवाज. तो मोबाइलवरही ऐकू येईल.

तिसरी घंटा

बल्ब मान्य. ‘टक्’ नको, सगळंच भरवायला लागू नका. आणि ‘शॉट लांबलाय’ म्हणून तो छोटा करू नका, ही कळकळीची विनंती. अस्वस्थ वाटलं की माणूस ‘लांबलाय’ असंच लिहितो.

कात्रीवाला

कंटाळा आल्यावरही तेच लिहितो! टेबलाखाली बॉम्ब आहे हे प्रेक्षकाला आधीच माहीत असेल तर साध्या गप्पाही जीवघेण्या होतात, हे हिचकॉक सांगून गेला. इथे बाई गेल्यावर प्रेक्षकाला काहीच माहीत नसतं, मग तो त्या दारात नेमकं काय शोधणार? कुलूप लावण्याआधी आतली एखादी गोष्ट दिसू द्या. टेबलावर दोन कप, एकातून वाफ येतेय.

तिसरी घंटा

आणि मग उजेड बंद झाल्यावर नवीन काय कळणार? आत कोणीतरी आहे हे कपानेच सांगून टाकलं. सस्पेन्स मिळवाल, धक्का घालवाल. दोन मिनिटांत दोन्ही मावत नाहीत.

कात्रीवाला

पण बाईला ते माहीत आहे की नाही, हा प्रश्न उरतोच. माझ्या मते तोच जास्त भारी आहे.

पहिला कट

कप घेणार नाही. त्याने ती बाई गुन्हेगार वाटायला लागते, आणि आमची गोष्ट तशी नाही. शॉटची लांबी तीच राहील. जिन्यातला बल्ब मात्र पुढच्या शूटला लावतोय. मग आधीच्यांपैकी एकालाही न दाखवता नव्या लोकांना वर्गात, मोठ्या स्पीकरवर दाखवणार आणि ‘काय पाहिलं?’ एवढंच विचारणार. मूल्यमापनात ९ जणांचे तीन वेगळे गट करून लिहितो.

कात्रीवाला

ठीक. फक्त बल्ब आणि स्पीकर दोन्ही एकदम बदलताय, फरक कशामुळे पडला ते कसं सांगणार? काही जणांना मोबाइलवरही दाखवा. आणि २१ विरुद्ध ३ चा पाय चार्ट काढणार असाल तर तो इथे टाकू नका.