प्रतिसाद: ताडोबाच्या जंगल सफारीसाठी त्या नव्या कॅमेरा बॉडीची वाट पाहायची का?

भाऊ, अजून न आलेल्या त्या कॅमेऱ्याचा तुम्ही टाकलेला लीक स्पेक (फुटलेली माहिती) पाहिला, १०० मेगापिक्सल, ग्लोबल शटर अन् वरून डायनॅमिक रेंजही (एकाच फोटोत उजेड अन् अंधार दोन्हीतले बारकावे टिपायची क्षमता) आजच्यापेक्षा जास्त, हे तिन्ही एकत्र मला अजिबात पटत नाही. ग्लोबल शटरमध्ये सगळा सेन्सर एकाच क्षणी एक्स्पोज होतो, मग वाचून होईपर्यंत प्रत्येक पिक्सलला आपला सिग्नल धरून ठेवावा लागतो, त्यात जागा जाते अन् प्रकाश साठवायची क्षमता घटते. २०२३ चा सोनी ए९ थ्री बघा ना, २४ मेगापिक्सलच, तरी बेस आयएसओ, म्हणजे प्रकाश-संवेदनशीलतेची सगळ्यात खालची पायरीच, २५० पासून सुरू, कारण पिक्सलमध्ये प्रकाश कमी मावतो. निकॉन झेड६ थ्रीत ग्लोबल शटर नाही, तरी त्यालाही सेन्सर वाचायचा स्पीड मिळाला पण लो आयएसओला शॅडोमध्ये (फोटोतल्या अंधाऱ्या भागात) थोडं द्यावं लागलं. ज्यात काहीतरी सोडलेलं दिसत नाही तो स्पेक खोटाच समजा.

अन् सेन्सर बनला म्हणजे कॅमेरा येतोच असंही नाही जी, कॅननने २०१० मध्येच १२० मेगापिक्सलचा सेन्सर दाखवला होता, तो आपल्या हातातल्या कॅमेऱ्यात आलाच नाही. पेटंटचंही तेच. वायफाय-ब्लूटूथच्या सरकारी नोंदणीत मॉडेल कोड दिसला तर मात्र मी लक्ष देतो, पण त्यातूनही सेन्सर कळत नाही.

१ ऑक्टोबरला ताडोबाचं कोअर (जंगलाचा आतला मुख्य भाग) उघडतंय, बुकिंग झालं असेल तर नागपुरात सीताबर्डीच्या बाजारात जाऊन आज मिळतंय तेच हातात घेऊन बघा.