मोबाईल स्टार्टर बसवला तरी बाबा रात्री शेतात जातातच, काय करावं?

औसेकर_पुण्यात

नमस्कार मंडळी. आमचं शेत औसा तालुक्यात, विहिरीवर ५ एचपीची पाणबुडी मोटार. मागच्या वर्षी दिवाळीत मी सिमकार्डवाला मोबाईल स्टार्टर बसवून दिला, कारण रब्बीत मोटारीला लागणारी थ्री फेज लाईट निम्मे दिवस रात्रीच असते आणि बाबा ६८ वर्षांचे, बॅटरी घेऊन रात्री २ ला निघतात, गाव ते शेत दीड किलोमीटर, मधे ओढा. मला इथं पुण्यात झोप लागत नाही. हरभऱ्याला स्प्रिंकलर आहेत, वाफ्यात पाणी फिरवायला दारं धरायचं काम नाही. खाटेवरून फोन लावायचा, एक दाबलं की चालू, दोन दाबलं की बंद, वरून एक बाई मराठीत सांगते पण, मोटार चालू झाली आहे म्हणून.

तरी जातात. म्हणतात, "बाई सांगती रे, मोटार कुठं सांगती?" तिथं जाऊन पाईपाला हात लावतात, पाईप गार पडला आणि थरथरला की समाधान, मग परत येऊन झोपतात.

जानेवारीत ताप आला म्हणून एक रात्र गेले नाहीत. बाईनं सांगितलं चालू. सकाळी बघतो तर रान कोरडं ठाक. डबा उघडला तर काँटॅक्टरमधे, म्हणजे मोटारीला करंट जोडणाऱ्या खटक्यात, पाल अडकून मेलेली, त्यामुळं मोटारीला करंटच गेला नव्हता. झालं, तवापासून माझं काही ऐकत नाहीत. या खंडेनवमीला तर कमाल केली, मी काढून आखाड्यात (शेतातल्या खोपीत) टाकलेला जुना स्टार्टर पुसून त्याला हळदकुंकू लावलं, फूल वाहिलं, आणि नवीन डब्याकडं बघितलं सुद्धा नाही.

बाबा हट्टी आहेत का वस्तूच चुकीची बनवलीय? मला खरंच कळंना.

कडबा_कुट्टी

पालीला विचारा 😄

आमच्या स्टार्टरच्या सिमची व्हॅलिडिटी संपली होती, आठ दिवस कळलंच नाही. मोटारीला पण रिचार्ज मारायचे दिवस आले.

वायंडर_परभणी

भाऊ मी मोटार वायंडिंगचं काम करतो, २२ वर्ष झाली. तुमचे वडील हट्टी नाहीत, ते मोटार वाचतात. तो जुना स्टार्टर आखाड्यातच असंल तर एकदा नीट बगा, हिरवं बटन कड्याच्या आत बसलेलं असतं आणि लाल बाहेर आलेलं, ते काय शोभेला नाही, अंधारात चुकून धक्का लागून मोटार चालू होऊ नये पण बंद करायची असली तर तळहात कसाबी पडला तरी बंद व्हावी म्हणून. लायटर नसलं बॅटरी नसली तरी हाताला कळतं कोणतं कुठं आहे. हिरवं दाबलं की आत कॉईल ओढती, खट् आवाज येतो, ती खट् बोटाला पण लागती. मग अँपिअरचा काटा एकदम शेवटाला जाऊन आपटतो कारण मोटार उठताना नेहमीच्या पाच सहा पट करंट खाती, आणि मग खाली येऊन सात साडेसातला थांबतो. विहिरीतलं पाणी तुटलं की काटा पडतो, गाळ शिरून जाम झाली की चढतो, एक फेज गेला की जाग्यावर घुंईऽऽ करत बसती आणि तेवढ्यात बंद केली नाही की ती माझ्याकडं येती. हे सगळं शाळा न बघितलेल्या माणसाला पण एका नजरंत कळतं. तुमच्या नव्या डब्यावर मीटर आहे का? माझ्याकडं येतात त्या बऱ्याच डब्यांवर दोन बारके लाईट असतात बास.

आणि कृपा करून ऑटो स्विच नका बसवू. लोक हिरव्या बटनात काडी खोचून ठेवतात, नाहीतर ऑटो लावतात, मग गेलेली लाईट आली की अख्ख्या डीपीवरच्या (ट्रान्सफॉर्मरवरच्या) मोटारी एका टायमाला उठतात, प्रत्येक पाच सहा पट करंट मागती, डीपी जळती आणि मग सगळं गाव पंधरा दिवस बोंबलत बसतंय. महावितरणवाले दरवर्षी सांगतात ऑटो काढा कॅपॅसिटर लावा, कोण ऐकतंय.

मोटेवरचा_नातू

सगळे बटनाच्या प्रेमात पडलेत म्हणून उलटं बोलतो. माझे आजोबा मोट हाकायचे, चामड्याची. आमच्यात ऑईल इंजिन आलं तेव्हा पणजोबा म्हणाले त्या पाण्याला घासलेटचा वास येतो, जनावरं पिणार नाहीत. मग विजेची मोटार आली तर आजोबा म्हणाले इंजिनाचा टुक टुक आवाज घरापर्यंत यायचा, बंद पडलं की झोपेत कळायचं, ही मुकी मोटार काय कामाची. आता बाबालोक म्हणतात मोटार बोलायची, मोबाईल मुका. म्हणजे जी वस्तू आपल्या तरुणपणी हातात आली ती बोलती, पुढची मुकी, असा हिशोब आहे हा. दहा वर्षांनी पोरं म्हणतील मोबाईलवरची बाई बरी होती.

परळी_सेवानिवृत्त

मोटेवरच्या नातवाचं निम्मं पटलं. पण सवयीचा भाग वेगळा आणि वस्तू खोटं बोलते तो भाग वेगळा. मी परळीच्या थर्मलला इंस्ट्रुमेंटेशनमधे होतो, कंट्रोल रूममधे हयात गेली, त्यामुळं थोडं लांब लिहितो, कंटाळा आला तर सोडून द्या.

२८ मार्च १९७९ ला अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात थ्री माईल आयलंड नावाच्या अणुवीज केंद्रात पहाटे ४ च्या सुमारास बिघाड झाला. दाब सोडणारा एक व्हॉल्व्ह उघडला, दाब उतरल्यावर तो बंद व्हायला पाहिजे होता पण उघडाच अडकला. आणि कंट्रोल रूममधला दिवा बंद असं दाखवत होता. का, तर तो दिवा व्हॉल्व्हला जोडलेलाच नव्हता, व्हॉल्व्हला दिलेल्या हुकुमाला जोडलेला होता. बंद हो असा हुकूम गेला, दिवा विझला. व्हॉल्व्ह खरंच बंद झाला का हे कोणी विचारलंच नाही. दोन तासांहून जास्त वेळ अणुभट्टीतलं पाणी त्यातून जात राहिलं, वरून दुसरं एक मीटर पाणी भरपूर आहे असं दाखवत होतं म्हणून ऑपरेटरनी आत जाणारं पाणी पण कमी केलं. भट्टीचा बराच गाभा वितळला.

औसेकर, तुमची बाई म्हणजे तोच दिवा. तुम्ही एक दाबलं, डब्यातला रिले म्हणजे छोटा स्विच ओढला, बाई बोलली. पुढं पाल बसली का मुंग्या बसल्या तिला काय पत्ता. तुमचे वडील दीड किलोमीटर चालत जाऊन जे करत होते त्याला आमच्यात फीडबॅक म्हणायचे, आणि ते काम यंत्रानं करायला पाहिजे होतं.

उपाय अवघड नाही. मोटारीच्या वायरीवर सीटी बसतो, म्हणजे एक गोल कडं असतं ज्यातून वायर जाते आणि किती करंट वाहतोय ते कळतं. मेसेज त्यावरून निघाला पाहिजे. असे स्टार्टर मिळतात, विकत घेताना एवढंच विचारा की मेसेजमधे अँपिअर येतात का. आणि वायंडर भाऊ म्हणतात तसा वरती काट्याचा मीटर पण लावाच, आकड्यापेक्षा काटा लांबून दिसतो.

नांदेडची_सूनबाई

माझा स्टार्टरशी संबंध नाही पण लिहिल्याशिवाय राहवत नाही. आमच्या सासूबाईंना मोतीबिंदूनंतर पण कमीच दिसतं. नवीन वॉशिंग मशीन आणली, वरून सगळी काच, एकसुद्धा बटन वर आलेलं नाही, बोट कुठं पण लागलं की टिंग करतं आणि काय लागलं ते कळत नाही. जुनीला गोल खटका होता, त्या मोजून फिरवायच्या, कट कट कट, तीन म्हणजे साड्या. दोन महिने त्यांनी हातानं कपडे धुतले, मला कमीपणा वाटायचा की यांना शिकायचंच नाही. मग एक दिवस मीच चिडून काचेवर टिकल्या लावल्या. चालू करायला मोठी मखमली, बंद करायला खड्याची. दुसऱ्या दिवसापासून मशीन त्यांची झाली, आता मला हात लावू देत नाहीत 😂 इंडक्शनला पण लावल्यात, पण त्या गरम होणाऱ्या भागापासून लांब लावाव्या लागतात.

एवढे शिकलेले लोक मशीन बनवतात, दोन ठिपके वर आणायला काय जात होतं?

मोटेवरचा_नातू

@परळी काका, हुकूम आणि हकिकत वेगळी हे पटलं, मी गप बसतो. इंजिनाचा टुक टुक पण फीडबॅकच होता म्हणजे, आजोबांना उगीच हसलो.

औसेकर_पुण्यात

उशीर झाला रिप्लायला. सुट्टी काढून गावाकडं गेलो होतो, सीटीवाला स्टार्टर आणला, वरती जुन्याच स्टार्टरचा काट्याचा मीटर काढून बसवला, डब्याच्या भोकांना पालीसाठी जाळी मारली. मेसेजमधे आता अँपिअर येतात. परवा रात्री १ ला लाईट आली, बाबांनी फोन लावला, बाई बोलली ते त्यांनी ऐकलं पण नाही, मला उठवून म्हणाले मेसेज वाच. मी वाचला ७.२. म्हणाले "हां, मग भरून येऊलालंय पानी," आणि कूस बदलली.

४ ला बघतो तर खाट रिकामी. सकाळी विचारलं तर म्हणतात काटा बी ७.२ च दावत होता, मेसेज बरोबर हाय. म्हणजे मेसेज तपासायला गेले होते!! आता हे किती रात्री चालतंय बघू.

सूनबाई ताई, ती मखमली टिकली ओल्या हातानं निघत नाही का? आईच्या मिक्सरला लावायची आहे.