ग्रोथ फॅक्टर : वृद्धिघटक की वृद्धिकारक?

मधुमेहींच्या पायाच्या जखमांवर मराठी माहितीपत्रक लिहिते आहे. मसुद्यात ग्रोथ फॅक्टरला 'वृद्धिघटक', सायटोकाइनला 'पेशीगतिक' आणि जखम भरण्याला 'व्रणरोपण' असे शब्द घातलेत, पण वाचताना मीच अडखळते. काय लिहावं?

— 'व्रण' नकोच. सुश्रुतसंहितेत व्रण म्हणजे जखम. भरत असलेला तो रुह्यमाण, भरून आलेला तो रूढ. पण आपण 'कपाळावर व्रण राहिला' म्हणतो तेव्हा जखम केव्हाच बरी झालेली असते. पेशंट नेमका उलटा अर्थ घेईल. 'जखम भरणे' हाच खरा शब्द, कारण खोल जखम तळापासूनच भरत वर येते. आईच्या टाचेचं ड्रेसिंग करताना सिस्टर एकदा म्हणाल्या, "आज मांस धरलंय हं." पाहिलं तर तळाशी लालबुंद, ओलसर, रव्यासारखे दाणे.

— 'वृद्धिघटक' मला पटत नाही. घटक म्हणजे ज्यांची वस्तू बनते ते. विटा, सिमेंट हे भिंतीचे घटक, गवंडी नव्हे. लॅटिनमधल्या 'फॅक्टर'चा अर्थच 'करणारा'. ग्रोथ फॅक्टर ही प्रथिनं पेशीवरच्या ग्राहीला (रिसेप्टरला) चिकटून पेशीला विभागायला, सरकायला लावतात. म्हणून वृद्धिकारक. रक्त गोठताना प्लेटलेट्समधून सुटणारं पीडीजीएफ हे प्रथिन तसंच. मधुमेही पायाच्या जखमांसाठी त्याच्या जेलला अमेरिकेत 1997 साली मान्यता मिळाली. मात्र टीजीएफ-बीटा हे असंच दुसरं प्रथिन फायब्रोब्लास्ट पेशींकडून कोलॅजन, म्हणजे त्वचेला बळकटी देणारे तंतू, तयार करून घेतं आणि वरच्या थरातल्या पेशींची वाढ रोखतं. तिथे 'वृद्धी' अपुरीच पडते.

'सायटोकाइन' मात्र तसाच ठेवा. करोनात तो घरोघरी पोचलाय. ग्रीक 'पेशी' आणि 'हालचाल' जोडून हा शब्द स्टॅन्ली कोहेन यांनी 1974 मध्ये घडवला. (ईजीएफ या ग्रोथ फॅक्टरसाठी 1986 चं नोबेल मिळालेले स्टॅन्ली कोहेन वेगळे.) 'पेशीगतिक' वाचून पेशीच धावताहेत असं वाटतं. पहिल्यांदा येईल तिथे 'पेशींचे निरोप' एवढं जोडा. 'इंटरल्यूकिन' म्हणजे पांढऱ्या पेशींमधलं, पण इंटरल्यूकिन-1 त्वचेच्या पेशींतही साठलेलं असतं आणि कापलं की सांडतं.

— मनापासून आभार. आता असं लिहिलंय: 'कापलं की त्वचेच्या पेशी सायटोकाइन, म्हणजे निरोप, सोडतात. त्यावर पांढऱ्या पेशी धावून येतात, जागा लाल होते, सुजते. मग वृद्धिकारकांच्या सांगण्यावरून तळाशी मांस धरतं.'