'बुलेट वेट'ला मराठीत काय म्हणायचं? ११५ 'धान्याच्या' गोळीवरून

शब्दवेडी
माझा भाचा परदेशात नोकरीला आहे. तिकडे तो हौसेनं पिस्तुलाच्या स्पर्धांत उतरायला लागलाय. स्पर्धेसाठी किती वजनाची गोळी घ्यावी यावरचं एक इंग्रजी टिपण त्यानं घरी पाठवलं, बाबांचा सल्ला हवा म्हणून. बाबा म्हणजे माझे दाजी. पोलिसात शस्त्रागारात आयुष्य गेलं त्यांचं, पण इंग्रजीशी जमत नाही. भाच्याच्या बहिणीनं मोबाइलवर भाषांतर करून दिलं, तर त्यात "११५ धान्याच्या गोळ्या की १२४ धान्याच्या गोळ्या?" दाजी म्हणाले, "ही गोळी हाय का रेशनचा कोटा?"

आता ते काम माझ्याकडे आलंय. 'ग्रेन'ला काय लिहू? 'दाणा' लिहिलं तर छर्रे मोजल्यासारखं वाटतं. शिवाय 'हेवी बुलेट'ला 'भारी गोळी' म्हणावं तर कोल्हापुरात त्याचा अर्थ वेगळाच होतो.

रंकाळ्यावरचा
कोल्हापुरात 'बुलेटचं वजन' विचारलंत तर पावणेदोनशे किलोच्या पुढं असंच उत्तर येणार, आणि वर "किती अ‍ॅव्हरेज देती?" 'भारी'चं मात्र खरं आहे. आमच्याकडं 'भारी' म्हणजे आधी उत्तम, मग महाग, आणि जड हा अर्थ सगळ्यात शेवटी. 'भारी गोळी' वाचून पोरगा तीच विकत घेणार.

गुजरीवाला
'ग्रेन'वर आमच्या सराफांच्या गल्लीचाही थोडा हक्क आहे, म्हणून लिहितो. शब्दाचा मूळ अर्थ दाणाच. जवाच्या नाहीतर गव्हाच्या दाण्यावरून आलेलं वजन. पण आज ते पक्कं माप आहे. एक ग्रेन म्हणजे जवळजवळ ६४.८ मिलिग्रॅम. एका पौंडात ७००० ग्रेन, एका ग्रॅममध्ये साधारण साडेपंधरा.

आपल्याकडेही बीच घेतलं होतं की, गुंजेचं. आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा. १८३३ मध्ये इंग्रजांनी तोळा कायद्यानं बांधला तो बरोबर १८० ग्रेनचा. म्हणजे एक गुंज पावणेदोन ग्रेनच्या किंचित वर. माझे आजोबा ग्रेन, गुंज दोन्ही तोंडी फिरवायचे, आणि त्यांनी 'ग्रेन'ला कधी दाणा म्हटलेलं मी ऐकलं नाही. गुंजेला आपण 'लाल बी' म्हणतो का हिशेबात? मग ग्रेनला दाणा कशाला? मापाचं नाव भाषांतरित करू नये, असं माझं मत.

शब्दवेडी
पटलं. ग्रेन तसाच ठेवते. पण मग गंमत म्हणून, १२४ ग्रेन म्हणजे किती गुंजा?

गुजरीवाला
सहासष्ट. आठ मासे दोन गुंजा. ११५ ची सात मासे पाच गुंजा, १४७ ची नऊ मासे सहा गुंजा. तुमच्या टिपणात १८० ग्रेनची गोळी कुठं असेल तर ती पुरी एक तोळ्याची. जुना तोळा बरं का, ११.६६ ग्रॅमचा. आताचा दहा ग्रॅमचा नव्हे.

शब्दवेडी
आहे! .४० इंची काडतुसासाठी १८० ग्रेनच लिहिलंय. एक तोळ्याची गोळी. दाजींना हे सांगितलं तर ते इंग्रजी टिपण फेकूनच देतील.

जुना हवालदार
ताई, माप राहू दे. आधी 'गोळी' कशाला म्हणताय ते ठरवा. निम्मा घोटाळा तितंच हाय. बाजारात, पेपरात, पिच्चरमधी सगळीकडं 'सहा गोळ्या भरल्या' म्हणत्यात. भरत्यात ती काडतुसं. काडतूस म्हंजे पितळेची पुंगळी, तिच्या बुडात टोपी, आत दारू आणि तोंडाला गोळी. बार झाला की गोळी जाती, पुंगळी उडून बाजूला पडती. पंचनाम्यात बघा, जिवंत काडतूस वेगळं, रिकामी पुंगळी वेगळी, भिंतीतनं काढलेली गोळी वेगळी. तितं गोंधळ केला की कोर्टात वकील सोलून काढतोय.

डब्यावर १२४ लिवलंय ते फक्त पुढच्या शिशाच्या तुकड्याचं वजन. अख्खं काडतूस काट्यावर ठेवलं तर दीडपट भरंल. आमच्याकडं नवीन पोरं हमखास चुकायची यात.

शब्दवेडी
हवालदारकाका, हे सोन्यासारखं सांगितलंत. इंग्रजीत बुलेट आणि कार्ट्रिज वेगळे आहेत, पण बोलताना तेही सर्रास गोंधळ घालतात. आपण मात्र शाळेतच हा फरक शिकलेलो असतो, फक्त विसरतो. १८५७ च्या धड्यात शिपाई काडतुसाचं टोक दातानं तोडत होते. ती होती कागदाची पुडी, आत दारू आणि गोळी. म्हणजे 'काडतूस' हा शब्द पहिल्यापासून अख्ख्या पुडक्याचा. आपल्याकडे तो पोर्तुगीजांकडून आला, 'पिस्तूल'सारखाच.

भाच्याच्या टिपणातही याचा पुरावा सापडला. त्याच्या स्पर्धेत, आयपीएससी म्हणतात तिला, पंच तुमच्याकडून काही काडतुसं काढून घेतात. त्यातल्या एकाची गोळी पक्कडीसारख्या अवजारानं उपटून काट्यावर ठेवतात, बाकीची यंत्रासमोर उडवून वेग मोजतात. ग्रेनमधलं वजन गुणिले फूट-सेकंदातला वेग, भागिले हजार. उत्तर १२५ च्या खाली आलं तर त्या स्पर्धेतले तुमचे गुण शून्य. याला ते 'पॉवर फॅक्टर' म्हणतात. मी 'शक्तिगुणांक' लिहिलंय. चालेल?

नववीची बाई
नाही चालणार. माफ करा, पण वीस वर्षं विज्ञान शिकवतेय, गप्प बसवत नाही. वस्तुमान गुणिले वेग म्हणजे शक्ती नव्हे, संवेग. शक्ती म्हणजे एका सेकंदात किती काम झालं ते. इंग्रजीतलं नावच चुकलंय, आपण ती चूक कशाला उचलायची? 'संवेगांक' लिहा. नववीची मुलं सुद्धा बरोबर ओळखतील.

रंकाळ्यावरचा
बाई, संवेगांक बरोबर असेल, पण दुकानात जाऊन "१२५ संवेगांकाची काडतुसं द्या" म्हटलं तर दुकानदार पोलिसांना फोन करील.

नववीची बाई
तसंही फोन करावाच लागेल. ही ९ मिमीची काडतुसं आपल्याकडे साध्या परवान्यावर मिळतच नाहीत. :)

शब्दवेडी
पहिल्यांदा आलं तिथे 'संवेगांक, म्हणजे त्यांच्या भाषेत पॉवर फॅक्टर' असं लिहिते, पुढे नुसता संवेगांक. आता आकडे बघा. ११५ ग्रेनची गोळी सेकंदाला १०९० फूट वेगानं गेली तर १२५ जेमतेम भरतात. १२४ ला १०१० पुरतात. १४७ ला ८६० नंच १२६ होतात. सगळे थोडं वरच ठेवतात, कारण थंडीत वेग घसरतो. तर आकडा जर तिघींचा सारखाच, मग निवडायचं कशावर? टिपणाचा खरा मुद्दा हाच आहे, आणि तिथंच माझी मराठी अडकली. ते म्हणतात, हलकी गोळी 'स्नॅपी', जड गोळी 'सॉफ्ट'. मी लिहिलं 'जड गोळीचा धक्का मऊ असतो'. दाजी हसले. म्हणाले, धक्का कधी मऊ असतोय का?

जुना हवालदार
बरोबर हसले. आमचे उस्ताद एक सांगायचे. हलकी गोळी मनगटाला झटका देती, जड गोळी तळव्याला रेटा देती. बास. तालमीत गेलेल्याला यापुढं सांगायची गरज न्हाई. झटक्यानं माणूस बिचकतोय, रेट्याला अंगानं उभा राहतोय.

नववीची बाई
वा! आणि यात विज्ञानही चोख आहे. संवेग सारखा असला तरी हलक्या गोळीला तो वेग द्यायला दारू जास्त जाळावी लागते, आणि तिचा वायूही नळीतून फार वेगानं बाहेर पडतो. त्याचाही धक्का हातालाच. जड गोळीला दारू कमी. शिवाय ती सावकाश निघते, म्हणून तोच धक्का जास्त वेळात पसरतो. झटका आणि रेटा यांत फरक वेळेचाच तर आहे.

शब्दवेडी
'स्नॅपी'ला झटका, 'सॉफ्ट'ला रेटा. मी तीन दिवस 'तीव्र' आणि 'सौम्य' यांच्यात घुटमळत होते. ते शब्द औषधाच्या बाटलीवर शोभतात.

म्हणजे सगळ्यांनी १४७ च घ्यावी का? टिपणात तसं नाही. काहींना रेटा आवडत नाही. पिस्तुलाचा वरचा सरकता भाग आळसावल्यासारखा परत येतो, पुढचा नेम धरायला उशीर होतो, असं ते म्हणतात. म्हणून पुष्कळ जण मधली १२४ धरतात. आणखी एक गोष्ट मला नवीन होती. जड गोळी लक्ष्यावर थोडी वर लागते! मला वाटलं होतं, जड म्हणजे खाली पडणार.

जुना हवालदार
सावकाश जाती म्हणून नळीत जास्त वेळ ऱ्हाती. तेवढ्यात नळी वर उचलती. म्हणून गोळीचं वजन बदललं की माशी, खाच पुन्हा लावून घ्यायची. न्हाईतर पोरगं म्हणतंय पिस्तूल बिघडलं. पुढच्या साइटला आमच्यात माशी म्हणत्यात, मागच्या साइटला खाच, हेही लिवा.

दुधाळीची आई
उशिरा येतेय चर्चेत. लेक दोन वर्षं दुधाळीच्या रेंजवर जाते, दहा मीटर एअर पिस्तूल. तुमची १२४ आणि १४७ वाचून मला आधी भीतीच वाटली. आमची गोळी सात ग्रेनची! पाऊण ग्रेन इकडे तिकडे. रायफलची सव्वाआठच्या आसपास. आम्ही तिला गोळीही म्हणत नाही, 'पॅलेट' म्हणतो. म्हातारे लोक छर्रा म्हणतात.

आणि कोल्हापूरची मोठी नावं घेतलीत तर त्यांच्या गोळीच्या वजनाचा प्रश्न बराचसा सुटलेलाच असतो. तेजस्विनी सावंत २०१० ला प्रोनमध्ये, म्हणजे पालथं झोपून मारायच्या रायफल प्रकारात, जगज्जेती झाली, राही सरनोबतनं २०१८ च्या आशियाई स्पर्धेत पंचवीस मीटर पिस्तुलात सोनं घेतलं, कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेनं २०२४ ला पॅरिसमध्ये ब्राँझ. तिन्ही प्रकार .२२ चे. आणि .२२ च्या सामन्याच्या काडतुसांत गोळी बहुतेक ४० ग्रेनचीच असते. तिथं निवडायचं असतं ते वजन नाही, लॉट. कोणत्या लॉटचं काडतूस तुमच्या नळीला मानवतं, ते दहा-दहा उडवून बघतात. एकाच कंपनीचा पुढचा लॉट तसाच वागेल याची खात्री नसते.

रंकाळ्यावरचा
लॉटला आमच्या गुऱ्हाळात शब्द आहे. आदण! एका आदणाचा गूळ पिवळाधम्मक, दुसऱ्याचा काळपट, ऊस तोच, काहील तीच.

शब्दवेडी
'एकाच आदणाची काडतुसं.' मोह होतोय, पण भाच्याला हे कळणार नाही, आणि दाजींना इतकं आवडेल की ते बाकीचं वाचणार नाहीत. ठेवतेच कंसात.

'छर्रा'वर मात्र शंका आहे. बारा बोअरच्या काडतुसात पसरणारे असतात तेही छर्रेच ना?

जुना हवालदार
तेच मूळचे छर्रे. एका बारात पसाभर. एअरगनची एकटी जाती, म्हणून तिला छर्रा म्हणणं मला पटत न्हाई, पण आता रूढ झालंय. पॅलेटच ठेवा.

गुजरीवाला
बारा बोअर निघालं म्हणून सांगतो. तो आकडा वजनावरूनच आहे. त्या नळीत बसणारी शिशाची गोल गोळी एका पौंडात बारा भरतात, म्हणून बारा. सोळा बोअरची सोळा, म्हणून ती नळी लहान. ७००० भागिले १२, ५८३ ग्रेन, सव्वातीन तोळे शिसं. ठासणीच्या बंदुकीच्या काळात गोळी वेगळी, दारू वेगळी, तेव्हा 'गोळीचं वजन' म्हटलं की कुणाला शंका यायची नाही.

शब्दवेडी
मसुदा संपत आला. पहिल्या परिच्छेदात 'गोळी म्हणजे फक्त पुढचा शिशाचा भाग, अख्खं ते काडतूस' हे ठळक अक्षरात टाकलंय. 'भारी' सगळीकडून काढलं, 'जड' केलं. वजनाच्या पुढे ग्रेन, आणि कंसात गुंजा फक्त दाजींच्या प्रतीत. काल त्यांना वाचून दाखवलं. झटका-रेट्यापाशी मान डोलावली, संवेगांकापाशी म्हणाले, "हे कुणाचं?" बाईंचं म्हटल्यावर गप्प बसले.

दुधाळीची आई
गुजरीवाले काका, एक काम होतं. लेकीचे सर म्हणतात की एकाच डब्यातले पॅलेटही सारख्या वजनाचे नसतात, काही मुलं निवडून वेगळे काढतात. तुमच्या काट्यावर होईल का? आमच्याकडचा स्वयंपाकघरातला काटा ग्रॅमच्या खाली जात नाही.

गुजरीवाला
आणा की. शनिवारी संध्याकाळी या, गर्दी कमी असते.

गुजरीवाला
झालं. वीस पॅलेट मोजले. बहुतेक ०.४५ ग्रॅमच्या आसपास, दोन थोडे हलके निघाले, एकाचा काठ दबलेला होता. पोरीनं ते तीन वेगळ्या डबीत टाकले, सरावाला म्हणून. मग ती म्हणाली, काका, हे ग्रॅममध्ये का मोजताय? काट्याचं बटण दाबत दाबत गेली, आणि चौथ्या दाबाला पडद्यावर ग्रेन आले. बारा वर्षं हा काटा वापरतोय, मला माहीत नव्हतं.