फ्रीजरचा पंखा मध्येच थांबतो: मोटर गेली की डीफ्रॉस्टचा घोळ?

नमस्कार मंडळी, मदत हवी आहे. दोन दारांचा फ्रॉस्ट फ्री फ्रीज आहे. वर फ्रीजरमध्ये बर्फ नीट जमतो, पण खालच्या कप्प्यात दूध नासायला लागलंय. कॉम्प्रेसर चालू आहे आणि वर बर्फही जमतोय, त्यामुळे गॅस गेला असेल असं वाटत नाही. (मेकॅनिक मात्र काही न उघडताच गॅस भरायला निघाला होता!)

दार उघडलं की पंखा बंद होतो, म्हणून दाराचा स्विच बोटाने दाबून धरला आणि ऐकलं. पंखा कधी फिरतो, कधी नुसती घरघर करून थांबतो. प्लग काढून फ्रीजरच्या आतलं मागचं पॅनेल उघडलं, तर कॉइलवर बर्फाचा जाड थर आणि पात्याच्या कडेला घासल्याची रेघ. बर्फ वितळवल्यावर पातं बोटाने अगदी मोकळं फिरतं. मग काही दिवस सगळं छान, आणि पुन्हा तेच रडगाणं.

मला संशय डीफ्रॉस्टचा (कॉइलवरचा बर्फ हीटरने अधूनमधून आपोआप वितळवायची सोय) आहे, मोटरचा नाही. मोटरवर १२ व्होल्ट डीसी लिहिलंय. मल्टिमीटर आहे, हीटरची कंटिन्युइटी (आतली तार तुटलेली नाही ना) बघेन. पण बायमेटल थर्मोस्टॅट (थंडीत जोडला जाणारा आणि गरम झाला की हीटर तोडणारा स्विच) खोलीच्या तापमानाला ओपनच, म्हणजे तुटलेला, दाखवणार ना? मग तो चांगला आहे की गेलाय हे कसं ओळखायचं? बर्फाच्या पाण्यात बुडवून तपासलेलं चालेल का? आणि हीटर, बायमेटल दोन्ही ठीक निघाले, तर सरळ पीसीबीवर (कंट्रोल बोर्डवर) जायचं की आधी तापमानाचा सेन्सर बघायचा?